काठाला लागलेली होडी

आबा,

तुमची होडी परवा दुपारपासून एका बेटाच्या काठाला लागून उभी आहे. बेट आपल्याकडचं नाही. पार पलीकडं, अमेरिकेच्या खालच्या अंगाला, नकाशात मुगाच्या दाण्याएवढं दिसणारं. होडीही खरी नाही, मोबाइलमधली आहे. पण तिच्यावर नाव तुमच्या होडीचं आहे, तेच, जे तुम्ही दर श्रावणात पांढऱ्या रंगानं स्वतःच्या हातानं नव्यानं काढायचात. त्यामुळे मला ती तुमचीच वाटते. दादा म्हणतो मी ती बुडवली. बुडवलेली नाही. या खेळात होडी बुडत नाही. जमिनीला लागली की नुसती थांबते आणि कुणीतरी दिशा बदलून देईपर्यंत तशीच थांबून राहते.

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुम्ही असतानाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लग्न होऊन साताऱ्याला आले तरी आपली खुशाली एकमेकांना आईमार्फतच कळायची. दादा मात्र पलटणीतून लिहायचा, आणि मी माहेरी आले की ती सगळी पत्रं तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावायचात. "नीट वाच, अक्षरं गिळू नको." मी नीट वाचायचे. अजून तेच करते. साताऱ्याच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते स्पष्ट आवाजात सांगते. कराड, कोल्हापूर, सांगली, मिरज, सकाळी एक जतची. माणसं माझा आवाज ऐकून गाडीत चढतात आणि त्यातल्या कुणालाच माझं नाव ठाऊक नसतं. याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात वाटायला लागलं, आणि त्याला ही होडी कारण झाली.

खेळ असा आहे. शिडाच्या बोटींची एक खरी शर्यत असते, युरोपातून निघून सगळा अटलांटिक ओलांडायचा. त्याच मार्गावर मोबाइलवरही शर्यत चालते, आणि जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून तिच्यात उतरतात. नकाशावर आपली बारीकशी होडी असते आणि सगळीकडं वाऱ्याचे बाण. वारा खरा असतो, तिकडं समुद्रावर त्या घडीला जसा वाहतोय तसाच. आपण फक्त दिशा द्यायची आणि शीड निवडायचं. मग मोबाइल बंद केला तरी होडी चालत राहते, आपण भाकरी थापत असलो तरी चालते. दिवसातून ठरावीक वेळी वाऱ्याचा नवा अंदाज येतो, तो बघून पुन्हा दिशा बदलायची. दोन-अडीच आठवडे हे असंच. वल्ह्याचं काम नाही, दंडातल्या ताकदीचं काम नाही, घाटावरून ओरडायचं काम नाही. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, "ह्येला शर्यत म्हंत्यात व्हय?"

दादा हवालदार होऊन निवृत्त झाला आणि आता सांगलीत घर बांधून राहतो. त्याच्या माजी सैनिकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात नौदलातून आलेले एक साहेब आहेत, त्यांनी हे खूळ काढलं. ग्रुपमधल्या प्रत्येकानं शर्यतीत एक होडी उतरवायची आणि आपल्यात जो पहिला येईल त्याचा सत्कार करायचा. दादानं जोरात नाव घातलं, होडीला तुमच्या होडीचं नाव दिलं, आणि तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर असताना त्याचा फोन आला.

"अगं, ह्या होडीला काय झालंय बघ की. मागं मागं निघालीया."

"मागं म्हणजे?"

"जिथनं निघाली तिकडंच परत चाललीया. समदी हसायला लागल्यात. सुभेदार म्हंतोय, हवालदार, रजा टाकून घरी निघालाय काय!"

"मग दिशा बदल की."

"बदलली गं. ती माझं ऐकंना. तुला त्या गाड्यांचं, टायमाचं कळतंय. तू बघ दोन दिवस. पासवर्ड धाडतो."

पासवर्ड म्हणजे तुमचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. तो टाकला आणि निळ्या नकाशावर ती होडी समोर आली, तोंड फ्रान्सकडं करून. दोन दिवसांचे पुढं पंधरा दिवस झाले.

मला ते जमलं, आबा. हे मी तुम्हालाच सांगू शकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते कौतुक करतील, आणि मला कौतुक नको आहे. सकाळी साडेदहाच्या सुमाराला नवा वारा यायचा. कोल्हापूरची गाडी मार्गी लावली की माझ्याकडं पाच-सात मिनिटं असतात. तेवढ्यात मी बाण बघायचे, उद्या कुठं वळतील, परवा कुठं जोर धरतील. वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही, नागमोडी न्यावी लागते, हे मी दोन दिवसांत शिकले. नकाशावर जी वाट जवळची दिसते ती धरणारे मागं पडतात आणि लांबून वळसा घेऊन वारा गाठणारे पुढं जातात, हे त्यानंतर. घरी मी ताटावर बसूनसुद्धा मोबाइल बघायला लागले तेव्हा हे म्हणाले, "समुद्र बघितलायस का तू? एकदा गणपतीपुळ्याला, ते पण साडी सावरत." मी म्हटलं, "तेवढा पुरे."

सुरुवातीलाच एक चूक केली. आफ्रिकेच्या बाजूला काही बेटं लागली. तिथं मी तुमचं ऐकलं. धारेला काठ धरायचा. होडी बेटाच्या कडेकडेनं नेली, तर वाराच पडला आणि अर्धा दिवस वाया गेला. तेव्हा उमगलं की या समुद्राला धार नाहीच. खेळ करणाऱ्यांनी पाण्याला ओढ दिलेली नाही. जे काही आहे ते वाऱ्यात, आणि वारा काठापासून लांब. तेव्हापासून मी काठ सोडला. आठव्या दिवशी तुमची होडी ग्रुपमध्ये पहिली होती आणि मग तिला कुणी गाठलं नाही.

काठ धरायचं तुम्ही मला शिकवलेलं नव्हतं, दादाला शिकवत होता. श्रावण आला की घाटावर तुमच्या होडीचा सराव सुरू व्हायचा, सांगलीच्या शर्यतीसाठी. संध्याकाळी मी चहाची किटली घेऊन यायचे आणि वरच्या पायरीवर बसायचे. खालच्या पायरीवर बसायची परवानगी नव्हती, कारण तिथून होडीला हात लागतो. पोरीचा पाय लागला की होडी जड होते, असं तुम्ही म्हणायचात. एकदा मी विचारलं होतं, "किती जड?" तर वल्हेकरी हसले आणि तुम्ही म्हणालात, "किटली ठेव आनि घरी जा." मी किटली ठेवून चार पायऱ्या वर जाऊन बसले. तिथून तुमचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. तुम्ही मागं, सुकाणूवर. दादा तुमच्या पायाशी, हात होडीच्या कडेला घट्ट धरून, डोळे अर्धे मिटून. त्याला पाण्याची भीती वाटायची हे घरात मला आणि आईलाच ठाऊक होतं, आणि तुम्हालाही ठाऊक होतं असं आता वाटतं. तुम्ही त्याला सांगत होता, वर जाताना मधली धार अंगावर घ्यायची नाही, काठाला पाण्याचा जोर मोडलेला असतो, तिथनं काढायची. तो मान हलवत होता. शिकत मी होते.

पुढं पूर आला. मी नववीत होते, दादा अठराचा. तुम्ही होडी घेऊन सांगलीला गेला होतात आणि वाटा बंद झाल्यानं तिकडंच अडकलात. इकडं दुपारी खालच्या आळीत पाणी शिरलं. आपलं घर उंचावर, तरी दारातल्या गुऱ्हाळघरात गुडघाभर पाणी. कल्हईवाले चाचा मिरजेला गेलेले, आणि चाची दोन लेकरं घेऊन घराच्या कौलांवर बसलेली, ओढ्याच्या पलीकडं. ती हाका मारत होती. अजून मला तो आवाज आहे तसा ऐकू येतो. मोठी माणसं शाळेकडं जनावरं हलवत होती. आपल्या गुऱ्हाळातली काहील, गूळ शिजवायची ती भलीमोठी लोखंडी कढई, तुम्ही दर पावसाळ्यात खांबाला दाव्यानं बांधून ठेवायचात, पाणी आलं तर माणसं काढायला होते म्हणून. ती तरंगायला लागली होती.

आई दादाला म्हणते, "जा रं, तुझ्या बापानं शिकवलंय न्हवं?" दादा पाण्यात उभा आहे. त्याच्या हातात दावं आहे आणि तो रडतो आहे. "मला पवायला येत न्हाई," म्हणतो. "काहिलीत पवायचं नसतंय," आई म्हणते. तो हलत नाही. मी परकराचा काचा मारते, दाराची फळी उचलते आणि काहिलीत बसते.  आई दादाच्या हातून दावं सोडवून घेते आणि खांबाला टेकून नुसतीच उभी राहते, इतकंच.

काहिलीला पुढं नसतं, मागं नसतं. ती गोल फिरते आणि आपलं डोकंही फिरतं. पहिल्या धारेनं मला पार मारुतीच्या पारापर्यंत नेलं. मग तुमचं आठवलं. मी काटेरी कुंपणाच्या, मग चाफ्याच्या, मग परड्याच्या भिंतीच्या कडेकडेनं फळी मारत वर आले. पाणी तिथं खरंच मऊ होतं, आबा. तुम्ही खोटं सांगितलं नव्हतं. चाचीनं आधी लेकरं दिली, मग स्वतः उतरली, आणि काहील अशी कलली की आम्ही सगळेच जाणार होतो. "या अल्ला," ती म्हणाली, "अगं, घरात बापय कुनी न्हाई व्हय? तुला धाडली?" मी म्हटलं, "चाची, मधे बस, बोलू नको." सबंध जन्मात मी कुणा मोठ्या माणसाला एवढ्या जोरात तेवढं एकदाच बोलले.

तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. मी चुलीपुढं बसून भाकरी करत होते, आणि तळहातांवर फोड आलेले म्हणून पीठ मनगटानं मळत होते. तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात. गावातून सगळं ऐकून आला होतात. मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी म्हणाल. काय म्हणाल ते मी तीन दिवस मनात ठरवत होते, वेगवेगळ्या तऱ्हांनी.

"हात दाव."

मी दाखवले. तुम्ही बराच वेळ बघितलंत. मग आईला म्हणालात, "तूप लाव तिच्या हाताला."

तूप कुणाच्या जखमेला लावायची आपल्याकडं चैन नव्हती. मला रडू आलं. आणि त्याच आवाजात, पायतान काढता काढता तुम्ही म्हणालात, "काहील थोरल्यानं न्हेली. काय?"

"आबा, मी..."

"काहील थोरल्यानं न्हेली. त्याला भरतीला जायचं हाय. पंचायत कागद देनार हाय तसा, त्यो कागद त्याला हुभा करंल. आनि तुझ्यासाटनं येत्या उन्हाळ्यात माणसं यायची. पुरात काहील हानलेली पोरगी कोन करून घेतंय? हातावरचं जाऊ दे आदी."

आई तुपाची वाटी घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी "बरं" म्हटलं. तूप फोड बरे व्हावेत म्हणून होतं की दिसू नयेत म्हणून, हे मी पुढं किती वर्षं स्वतःला विचारत राहिले, आणि प्रत्येक वेळी तुमच्या बाजूनं उत्तर द्यायचा प्रयत्न केला.

चावडीपुढं दादाचा सत्कार झाला. फेटा, घड्याळ आणि तो कागद. बायका मागं उभ्या होत्या, त्यांतून चाची ओरडली, "अवो आबा, मला पोरीनं आनलं की! ह्या पोरानं न्हाई!"  मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हसलात. "चाची भेदरल्याली, तिला काय दिसतंय! माझं पोरगं हायच पोरीवानी, अजून मिशी कुठं फुटलीया त्येला!" सगळी चावडी हसली. दादाही हसला, मान खाली घालून. नंतर चाचीनं मला ओढ्यावर गाठलं आणि म्हणाली, "बेटा, तू का बोलली न्हाईस?" मी म्हटलं, "काय बोलू?" त्या आठवड्यात तुम्ही सांगलीहून माझ्यासाठी डझनभर हिरव्या बांगड्या आणल्यात, न मागता. माप मोठं होतं. त्या कोपरापर्यंत जायच्या आणि हात खाली सोडला की गळून पडायच्या. मनगट बारीकच असणार, असं धरून चालणाऱ्या बापानं निदान बारीक माप तरी आणायचं होतं.

हे सगळं तुमच्या माथी मारून मला मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही गेल्यावर सातेक वर्षांनी मिरजेला, दवाखान्याच्या व्हरांड्यात मला चाची भेटली. डोळ्यांना पट्टी, सून बरोबर. माझ्या आवाजावरून ओळखलं तिनं. सुनेला म्हणाली, "हीच ती. हिनं मला काहिलीत घालून आनलं, तुझ्या नवऱ्याला मांडीवर घेऊन. पोरगी लय खमकी." सून माझ्याकडं बघायला लागली, डोळे भरून. तिथं तुम्ही नव्हता. दादा नव्हता. कुणाची भरती व्हायची नव्हती, कुणाचं लग्न ठरायचं नव्हतं. आणि मी म्हटलं, "नाही चाची, दादा होता तो. तुम्ही विसरलात." चाचीनं पट्टीखालून माझ्याकडं तोंड वळवलं आणि माझा तळहात हातात घेऊन नुसता चाचपला.  त्यानंतर मी त्या बाजूला जाणं टाळलं. पुढच्याच वर्षी ती गेल्याचं कळलं.

आता या होडीचं. दादा मला रोज ग्रुपमधले मेसेज पाठवायचा. वाईट मनानं नाही, त्याच्यात तेवढा वाईटपणा कधीच नव्हता. "बघ आपली होडी." "आज बी पैली." खाली त्याच्या मित्रांचं कौतुक. हवालदार, कमाल आहे. हवालदार, नौदलात जायचं सोडून पायदळात कशाला गेलात. आणि त्याचं उत्तर: "रक्तात आहे. वडिलांनी शिकवलं." हे मी फलाटावर उभ्या गाडीचं नाव पुकारता पुकारता वाचलं आणि एकाच गाडीची घोषणा चुकून दोनदा केली, कुणाला कळलं नाही. चिडले नाही. मला वाटलं, शेवटी तो सांगेल. शर्यत संपल्यावर, सगळ्यांसमोर, गंमत म्हणून का होईना, सांगेल की बहिणीनं चालवली. एवढंच हवं होतं मला, आबा. फेटा नको, शाल नको. एक वाक्य.

परवाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. होडी शेवटच्या बेटाजवळ पोचत होती. त्याला वळसा घालून पलीकडच्या बंदराला लागलं की संपलं. मागची होडी दीड दिवस मागं होती. त्यामुळे सत्कार आधीच ठरवून टाकला होता, येत्या रविवारी, सांगलीतच.

"तू ये, भाऊजींना घेऊन ये. जेवान हाय. आबांचा फोटो लावनार हाय स्टेजवर, त्यो सुकाणू धरल्याला."

"येते की."

"आनि एक काम कर. मला चार शब्द बोलायचं हायत. तुझं मराठी चांगलं, तू लिहून दे. आबांनी कसं शिकवलं, घाटावरचा सराव, आनि ती पुरातली काहील. ती घालच. लोकांना लय आवडतंय ते."

 मी विचारलं, "दादा, तुला आठवतंय का ते?"

"न आठवायला काय झालं? ती चाची किती वराडत हुती! मधे बस म्हनलं तवा गप बसली."

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचा आवाज कळतो. तीस वर्षं सांगून सांगून ते त्याला खरंच आठवायला लागलंय. मी तिला काय म्हटलं तेसुद्धा त्याच्याकडं गेलंय. चाचीनं कधीतरी त्याला ते सांगितलं असेल, मला शोधत आली असताना, आणि त्यानं ठेवून घेतलं.

आणि मी लिहून दिलं. म्हणजे लिहिलं. संध्याकाळी जेवणं व्हायच्या आत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, तीन पानं. "मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. काहिलीला पुढं नसतं, मागं नसतं. मी परड्याच्या भिंतीच्या कडेनं फळी मारत वर आलो." चांगलं झालं होतं. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. माझ्या आयुष्यातली ती एक दुपार मी आजवर कुणाला धड सांगितली नव्हती, आणि लिहिली तेव्हा "आलो", "नेली", "मी म्हणालो" असं लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला नवा वारा आला. कोल्हापूरची गाडी नुकतीच गेली होती. मी दिशा दिली आणि मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला. जेवणाच्या सुट्टीत काढला तेव्हा होडी बेटाला लागली होती.

दुपारी दोनला फोन.

"काय केलंस गं? थांबलीया ती! समदी विचारायला लागल्यात."

"काठाला लागली."

"काठाला? यवढा समुद्र पडलाय आनि तू काठाला कशाला न्हेलीस? कुनी सांगितलं?"

"आबांनी. काठ धर म्हणायचे ना ते."

 तो म्हणाला, "आबा नदीचं सांगत हुते. येडी का खुळी तू?" आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्यानं ग्रुपमध्ये जे लिहिलं होतं ते मला पाठवलं, मला लाज वाटावी म्हणून: "बहिणीकडे दिली होती, तिने काठावर घातली." पंधरा दिवस ती होडी त्याची होती. काठाला लागली आणि माझी झाली. पण रागाच्या भरात त्यानं खाली बघितलं नसावं. खाली त्याच्या सुभेदारानं विचारलेलं होतं, "म्हणजे इतके दिवस ताई चालवत होत्या?" त्याखाली काही नाही. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही. प्रश्नचिन्ह आहे शेवटी, पण माझ्यासाठी तेवढ्यानं भागतं.

काल संध्याकाळी मागची होडी पुढं निघून गेली. रविवारी आता दुसऱ्या कुणाला फेटा बांधतील आणि तुमचा फोटो दादाच्या भिंतीवरच राहील. दादानं पासवर्ड बदललेला नाही, कसा बदलायचा ते त्याला माहीत नाही. होडी सोडवायला दिशा जराशी फिरवली की पुरे. मी उघडून बघते आणि बंद करते. हे मी त्या भाषणाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितेय. हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, आणि दादाला तर नाहीच. भाषण त्यानं मागितलं नाही परत, आणि मी ते फाडणार नाही, कारण खरी हकिगत तेवढ्याच पानांवर आहे, त्याच्या तोंडची का असेना.

एक राहिलं. दादाला मी तुमचं अर्धंच सांगितलं. घाटावर चार पायऱ्या वर बसून मी ऐकलं होतं ते पुरतं असं होतं: "धारेला काठ धर, पन दोन हात सोडून. त्याच्या आत गेलास की मग काठ तुला धरतोय." मला ते तेव्हापासून पाठ आहे. परवा सकाळी दिशा देताना नकाशावरची रेघ जमिनीला टेकत होती, आबा. मला ती दिसत होती.